ओपन रेल्समध्ये डब्याला आणि इंजिनाला स्वतःचे कॅमेरे लावणं

ओपन रेल्स या ट्रेन सिम्युलेटरमध्ये प्रवासी गाडी घेऊन निघालात, वेग धरला, आता जरा डब्यात बसून बाहेर बघू म्हणून ५ दाबलं. दिसतं काय? सीटांच्या दोन रांगांमधल्या वाटेत आपण तरंगतोय आणि नाकासमोर पुढच्या टोकाचं दार. खिडकी बघायची तर मान वळवा. वळवली तरी मध्ये सीटची पाठ. डबा बनवणाऱ्याने आतली बाकं, दिवे, सामानाच्या फळ्या जीव तोडून केलेल्या असतात, पण आपण बसायचं कुठे हे मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उरकलेलं दिसतं.

सुदैवाने ही जागा मॉडेलमध्ये कोरलेली नसते. डब्याच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ती तीन आकड्यांत लिहिलेली असते. ते आकडे बदलता येतात आणि त्यांच्या जोडीला नवे घालता येतात. थ्रीडी मॉडेलिंग यायला नको, प्रोग्रामिंग यायला नको. नोटपॅड आणि थोडी मोजणी एवढ्यावर काम होतं.

पुढचं सगळं ओपन रेल्सबद्दल आहे. हा फुकट, मुक्तस्रोत सिम्युलेटर २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचे मार्ग आणि गाड्या चालवतो, म्हणून फाइलींची घडणही त्या जुन्याचीच आहे. जुन्यात एका डब्याला आतून बघायचा एकच कॅमेरा मिळायचा. ओपन रेल्समध्ये एकाच डब्यात अनेक लावता येतात, आणि या लेखाचं मुख्य काम तेच.

लिपीबद्दल आधीच सांगून ठेवतो. फाइलमधले शब्द मी इथे देवनागरीत लिहिलेत. तुम्ही ते रोमन अक्षरांत, नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने, मध्ये जागा न सोडता जोडून टाइप करायचे. आकडेसुद्धा इंग्रजी (1, 2, 3). लहान-मोठ्या अक्षरांचा फरक ओपन रेल्स करत नाही. एकदा मराठी कीबोर्ड चालू राहिल्यामुळे मी सगळे आकडे देवनागरीत टाकले होते. कंस तपासले, स्पेलिंग तपासलं, आकड्यांकडे बघायचं सुचलंच नाही, कारण डोळ्यांना ते अगदी बरोबर दिसत होते!

कोणते कॅमेरे आपल्या हातात आहेत

सगळेच नाहीत. २ आणि ३ हे गाडीबाहेरून बघायचे कॅमेरे, ४ हा रुळाकाठचा आणि ८ हा मोकळा फिरणारा. हे सिम्युलेटरचे स्वतःचे आहेत, डब्याच्या फाइलशी त्यांचा संबंध नाही. ६ वरचा ब्रेकमनचा कॅमेरा गाडीच्या टोकाला आपोआप बसतो. वाहनाच्या फाइलमधून ठरतात ते चार: ५ वरचा प्रवाशाचा, खिडकीतून डोकं बाहेर काढल्याचा (होम आणि एंड या कळांवरचा), १ वरच्या सपाट चित्राच्या कॅबमधून (चालकाच्या केबिनमधून) दिसणारं बाहेरचं जग, आणि ऑल्ट धरून १ दाबल्यावर येणारी थ्रीडी कॅब, अर्थात इंजिनाला ती असेल तर. कळा पर्यायांमध्ये बदलता येतात. तुमच्याकडे काही वेगळं असेल तर खेळ चालू असताना एफ १ दाबा, पूर्ण यादी समोर येते.

यातला ५ सर्वात कामाचा, कारण तो फक्त प्रवासी डब्यापुरता नाही. नाव प्रवाशाचं असलं तरी तो मालडब्याच्या चाकाशेजारी बसवा, टाकीच्या घुमटावर बसवा, सिम्युलेटरची काही हरकत नसते.

मूळ फाइलला हात लावायचा नाही

गाड्यांचा सगळा संसार ट्रेन्स फोल्डरमधल्या ट्रेनसेट या फोल्डरात असतो. प्रत्येक गाडीचं आत एक फोल्डर, त्यात इंजिनाची डॉट ईएनजी आणि डब्याची डॉट डब्ल्यूएजी फाइल. जुनी पद्धत म्हणजे हीच फाइल उघडून आकडे बदलणं. ती सोडून द्या. गाडीची नवी आवृत्ती उतरवली की तुमचे बदल पुसले जातात, आणि मूळ आकडा काय होता हेही आठवत नाही.

त्याऐवजी गाडीच्या फोल्डरात ओपनरेल्स नावाचं, दोन्ही शब्द जोडून लिहिलेलं, एक उपफोल्डर करा. त्यात मूळ फाइलच्याच नावाची फाइल ठेवा. सिम्युलेटर गाडी वाचायला येतो तेव्हा आधी या उपफोल्डरात डोकावतो. तिथे त्याच नावाची फाइल सापडली तर ती वाचतो, नाहीतर मूळची. काही बिघडलं तर उपफोल्डर काढून टाका, गाडी पहिल्यासारखी.

या उपफोल्डरात दोन प्रकारे काम करता येतं. एक म्हणजे मूळ फाइलची पूर्ण प्रत आणून त्यात बदल करणं. दुसरा म्हणजे चार ओळींची छोटी फाइल, जी आधी मूळ फाइल आत ओढून घेते आणि मग स्वतःची भर घालते. नवे कॅमेरे वाढवायचे असतील तर मी दुसरा प्रकार वापरतो. असलेला आकडाच बदलायचा असेल तेव्हा पूर्ण प्रत, कारण मग जुना आणि नवा असे दोन आकडे एकाच फाइलच्या वाचनात येत नाहीत आणि मनात शंका राहत नाही.

छोट्या फाइलचा साचा असा:

(पहिली ओळ पूर्ण कोरी)
इन्क्लूड ( "../मूळ फाइलचं नाव" )
वॅगन (
  (इथे आपली भर)
)

पहिली ओळ कोरी का? या जुन्या फाइलींची पहिली ओळ ही ओळखखूण असते, आणि सिम्युलेटर ती ओळखखूण समजूनच वाचून पुढे जातो. तुम्ही इन्क्लूड पहिल्याच ओळीवर लिहिलंत तर तेच गिळलं जातं, मूळ फाइल आत येतच नाही, आणि मग चाकं, वजन, आकार काहीच नसलेला डबा तयार होऊ पाहतो. नावाआधीचे दोन टिंब आणि तिरपी रेघ म्हणजे ‘एक फोल्डर वर जा’. नावात मोकळी जागा असेल तर अवतरणचिन्हं हवीतच. नसली तरी घालायची सवय बरी.

नोटपॅडमध्ये जतन करताना दोन गोष्टी बघा. फाइलच्या प्रकारात ‘सर्व फाइली’ निवडा, नाहीतर नावाच्या शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटतं आणि विंडोजने शेपट्या लपवलेल्या असल्या तर ते दिसतही नाही. दुसरं, मूळची पूर्ण प्रत घेतली असेल तर तिचं एन्कोडिंग यूटीएफ-१६ एलई असतं, ते तसंच राहू द्या.

मोजपट्टी

आता खरा भाग. बहुतेकांचे कॅमेरे छतात किंवा जमिनीत गाडले जातात ते आकडे अंदाजाने टाकल्यामुळे.

प्रत्येक जागेला तीन आकडे असतात, मीटरमध्ये. पहिला आडवा: मध्यरेषेवर शून्य, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. दुसरा उंचीचा, रुळाच्या माथ्यापासून मोजलेला. तिसरा लांबीचा: पुढच्या टोकाकडे अधिक, मागच्या टोकाकडे उणे, आणि शून्य बहुधा डब्याच्या मध्यावर. हे सगळं वाहनाच्या हिशेबाने आहे, गाडीच्या नाही. कन्सिस्ट फाइलमध्ये (गाडीत कोणती वाहनं कोणत्या क्रमाने हे जिच्यात लिहिलेलं असतं तिच्यात) एखाद्या डब्याला फ्लिप लावून उलटा जोडलेला असेल तर त्याचं ‘पुढे’ म्हणजे गाडीचं मागे. उजवी खिडकी हवी होती आणि डावी आली, तर आधी हे तपासा.

डब्याची मापं कुठून आणायची? सर्वात सोपी जागा म्हणजे मॉडेलच्या डॉट एस फाइलशेजारी पडलेली त्याच नावाची डॉट एसडी फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात ईएसडी-बाउंडिंग-बॉक्स अशी ओळ असली (मधल्या जोडरेघा प्रत्यक्षात खालच्या रेघा असतात) तर तिच्यापुढे सहा आकडे दिसतील. पहिले तीन डावं-खालचं-मागचं टोक, पुढचे तीन उजवं-वरचं-पुढचं. समजा आकडे असे आहेत: -१.४५, ०.२, -११.६ आणि १.४५, ४.१, ११.६. म्हणजे डबा २.९ मीटर रुंद, माथा ४.१ मीटरवर, लांबी २३.२ मीटर. ही ओळ नसली तर डब्याच्या फाइलमधली साइझची ओळ आहेच: रुंदी, उंची, लांबी याच क्रमाने. तिच्यावर थोडा कमी भरवसा ठेवा, कारण डबे एकमेकांना नीट टेकावेत म्हणून लांबीचा आकडा काही जण हाताने कमीजास्त करतात.

चौकट मिळाली. आता त्यात माणूस बसवायचा. आकडा शोधण्यापेक्षा डोळे कुठे येतील ते विचारा. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे पायाखालच्या फरशीपासून साधारण १.२ मीटरवर असतात, उभ्या माणसाचे १.६ च्या आसपास. डब्याची फरशी रुळापासून १.२५ मीटर असेल तर बसलेला प्रवासी २.४५ आणि उभा २.८५. आडवं माप काढताना अर्ध्या रुंदीतून भिंतीची जाडी आणि डोक्याची जागा वजा करा. १.४५ मधून ४०-४५ सेंटिमीटर गेले की राहिले १ च्या आसपास. खिडकीला नाक लावायचा मोह होतो, पण तसं केलं की खिडकीची चौकट नजरेतून नाहीशी होते आणि आपण डब्यात आहोत ही भावनाच जाते. चौकटीची एक कड आणि समोरच्या सीटचा कोपरा दिसत राहिला पाहिजे.

फरशीची उंची माहीत नसेल तर मूळ फाइलमधला जुना कॅमेरा बघा. त्याचा उंचीचा आकडा तुमच्यासमोर असतो आणि त्या जागेवरून दिसतं तेही समोर असतं. सीटच्या माथ्यावरून पलीकडचं दिसतंय तर तो उभ्याचा, सीटची पाठ डोळ्यांसमोर आडवी येतेय तर बसलेल्याचा. तिथून वजाबाकी करायची.

पहिला नवा कॅमेरा

मूळ डॉट डब्ल्यूएजी उघडून इनसाइड हा शब्द शोधा. सापडला तर डब्याला आतला कॅमेरा आहे आणि काम सोपं आहे. त्या खंडात, म्हणजे त्या शब्दापुढच्या कंसात, साधारण पाच गोष्टी दिसतील: आतला आवाज, पॅसेंजरकॅबिनफाइल म्हणजे आतलं मॉडेल, पॅसेंजरकॅबिनहेडपॉस म्हणजे डोक्याची जागा, रोटेशनलिमिट म्हणजे मान किती वळेल, आणि स्टार्टडिरेक्शन म्हणजे सुरुवातीला नजर कुठे.

आता उपफोल्डरातल्या छोट्या फाइलमध्ये, पहिली ओळ कोरीच ठेवून, ही भर:

इन्क्लूड ( "../मूळ फाइलचं नाव" )
वॅगन (
  ओआरटीएसअल्टरनेटपॅसेंजरव्ह्यूपॉइंट्स (
    ओआरटीएसअल्टरनेटपॅसेंजरव्ह्यूपॉइंट (
      पॅसेंजरकॅबिनहेडपॉस ( १.० २.४५ ३.५ )
      रोटेशनलिमिट ( ५० २७० ० )
      स्टार्टडिरेक्शन ( ० ३५ ० )
    )
    ओआरटीएसअल्टरनेटपॅसेंजरव्ह्यूपॉइंट (
      पॅसेंजरकॅबिनहेडपॉस ( ० २.८५ -११.२ )
      रोटेशनलिमिट ( ५० २७० ० )
      स्टार्टडिरेक्शन ( ० १८० ० )
    )
  )
)

बाहेरच्या खंडाचं नाव अनेकवचनी, शेवटी एस असलेलं. आतल्या प्रत्येक कॅमेऱ्याचं एकवचनी. एवढ्या एका अक्षरात किती संध्याकाळी गेल्या असतील, मोजदाद नाही. कंसाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची आणि उघडलेला प्रत्येक कंस बंद करायचा. वरच्यासारखं पायऱ्या पाडून लिहिलंत तर राहिलेला कंस लगेच डोळ्यांत भरतो.

दिशेच्या तीन आकड्यांत पहिला वर-खाली, दुसरा डावी-उजवी, अंशांमध्ये. पहिला अधिक म्हणजे नजर खाली, दुसरा अधिक म्हणजे उजवीकडे. म्हणून पहिला कॅमेरा उजव्या खिडकीशी बसून तिरपा बाहेर बघतो आणि दुसरा मागच्या टोकाला उभा राहून मागे पळत जाणारे रूळ बघतो. तिसरा आकडा शून्यच ठेवा.

खेळ पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, कारण गाडीची फाइल सुरुवातीलाच वाचली जाते. ५ दाबा: मूळचा कॅमेरा. मग शिफ्ट धरून ५: पहिला नवा. पुन्हा शिफ्ट-५: दुसरा. असं चक्र फिरत राहतं. गाडीत असे अनेक डबे असतील तर ऑल्टसोबत पेज-अप आणि पेज-डाउनने डब्यातून डब्यात जाता येतं.

एकाच खेपेत दहा आकडे

आकडा बदला, जतन करा, खेळ सुरू करा, मार्ग चढेपर्यंत थांबा, ५ दाबा, पाच सेंटिमीटर चुकलं, बंद करा. असं आठ वेळा केल्यावर कोणीही कंटाळून ‘चालतंय’ म्हणतो, आणि वाईट कॅमेरे जन्माला येतात ते याच क्षणी.

उपाय साधा आहे. कॅमेरे हवे तितके लावता येतात ना, मग तेच मोजपट्टी म्हणून वापरायचे. लांबी शोधायची असेल तर आडवा आकडा आणि उंची कायम ठेवून दहा कॅमेरे लावा: शून्य, अर्धा, एक, दीड, दोन असे ओळीने. एकदाच खेळ सुरू करा आणि शिफ्ट-५ दाबत डब्यातून पुढे पुढे सरका. कोणत्या नंबरला सीट बरोबर खाली येते, कोणत्याला खिडकीचा मधला दांडा डोळ्यांवर येतो, कागदावर टिपा. दोन सीटांमधलं अंतरही यातूनच कळतं, आणि एकदा ते कळलं की बाकीच्या सीटा नुसत्या बेरजेने मिळतात. मग तशीच एक खेप उंचीसाठी, पाच पाच सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी. दोन खेपांत डबा संपतो. नंतर नको ते कॅमेरे पुसून टाका.

ही चाचणी मोकळ्या फेरीत, एखाद्या लहान मार्गावर आणि दोन डब्यांच्या गाडीने करा. मोठा मार्ग चढायला जो वेळ घेतो त्यात अख्खा डबा मोजून होतो.

आतून दिसणाऱ्या जगाचा पसारा कमी वाटत असेल तर दोष जागेचा नसूही शकतो. पर्यायांमध्ये उभ्या दृष्टिकोनाचा, म्हणजे वर-खाली किती अंशांचं दृश्य दिसेल त्याचा, आकडा असतो, मुळात ४५ अंश. बाहेरून गाडी बघायला तो छान, पण डब्यात बसल्यावर नळीतून बघितल्यासारखं होतं. थोडा वाढवून बघा. मात्र कॅमेऱ्यांच्या जागा पक्क्या करण्याआधी हा आकडा ठरवून टाका, कारण तो बदलला की भिंती जवळ-लांब गेल्यासारख्या वाटतात आणि केलेली मोजणी पुन्हा खटकायला लागते.

ज्या डब्याला आतलं काहीच नाही

मालडबा, टाकी, किंवा आत नुसती काळी काच असलेला जुना प्रवासी डबा. यांच्या फाइलमध्ये इनसाइड नसतो, आणि तो नसेल तर वरचा जादा कॅमेऱ्यांचा खंड सिम्युलेटर सोडून देतो. म्हणून आधी इनसाइड द्यायचा आणि मगच जादा कॅमेरे, याच क्रमाने:

वॅगन (
  इनसाइड (
    पॅसेंजरकॅबिनफाइल ( बाहेरच्या मॉडेलचं नाव )
    पॅसेंजरकॅबिनहेडपॉस ( १.९ ०.९ ५.५ )
    रोटेशनलिमिट ( ५० २७० ० )
    स्टार्टडिरेक्शन ( ५ -२० ० )
  )
)

युक्ती तिसऱ्या ओळीत आहे. आतलं मॉडेल नाही, तर बाहेरच्याच डॉट एस फाइलचं नाव द्यायचं आणि कॅमेरा डब्याच्या बाहेर ठेवायचा. बाहेरचंच मॉडेल आतून बघायला गेलात तर निराशा होईल. या मॉडेलांचे पृष्ठभाग एकाच बाजूने रंगवलेले असतात, आतून भिंत दिसतच नाही, अधांतरी बसल्यासारखं वाटतं. बाहेरून मात्र सगळं जागच्या जागी.

वरचे आकडे बोगीच्या (म्हणजे डब्याच्या नव्हे, त्याच्या खालच्या चाकांच्या चौकटीच्या) कॅमेऱ्याचे: डब्याच्या अंगापासून अर्धा मीटर बाहेर, साधारण कमरेच्या उंचीवर, नजर किंचित आत आणि खाली. वळणावर हा कॅमेरा बघण्यासारखा. तो डब्याच्या सांगाड्याला बांधलेला असतो, बोगीला नाही, त्यामुळे वळण आलं की बोगी सांगाड्याखाली सरकताना स्पष्ट दिसते. सरळ रुळावर मात्र दोन मिनिटांत कंटाळा येतो.

याचा एक तोटा स्टेशनात कळतो. मध्यरेषेपासून १.९ मीटर, उंची ०.९: फलाटाची कड बहुतेक ठिकाणी याच्या आतच येते. गाडी फलाटाला लागली की कॅमेरा फलाटाच्या पोटात शिरतो आणि पडद्यावर विचित्र पोकळी दिसते. कॅमेरा आणखी बाहेर नेऊन ते सुटत नाही. एक तर तो डब्याखाली, दोन बोगींच्या मध्ये घ्या, किंवा १.५ च्या आत आणून चाकांच्या रेषेत पुढे बघू द्या. मी दुसरा पर्याय घेतो, चाकाची कड जवळून दिसते.

आणखी एक गोष्ट खटकेल: चाकाशेजारी बसूनही आवाज दबका येतो. सिम्युलेटरच्या लेखी तुम्ही डब्यात बसलेले प्रवासी आहात, तो बाहेरचे आवाज मुद्दाम कमी करतो. ध्वनीच्या पर्यायांत बाहेरचा आवाज आत किती टक्के ऐकू यावा याचा आकडा आहे. तो वाढवता येतो, पण मग सगळ्याच गाड्यांचे डबे गोंगाटाचे होतात. मी तो तसाच ठेवून बोगीचा दबका आवाज सहन करतो.

इंजिन

डोकं बाहेर काढायचा कॅमेरा डॉट ईएनजी फाइलमध्ये हेडआउट या शब्दापुढे असतो. तीनच आकडे, दिशा वगैरे काही नाही. होम दाबलं की पुढे, एंड दाबलं की मागे. हा असलेलाच आकडा बदलायचा असतो, म्हणून इथे उपफोल्डरात पूर्ण प्रत. आडवा आकडा इंजिनाच्या अर्ध्या रुंदीपेक्षा १५-२० सेंटिमीटर जास्त, उंची चालकाच्या डोळ्यांची, लांबी खिडकीच्या मध्यावर. बऱ्याच मॉडेलांत हा आकडा दुसऱ्याच इंजिनाच्या फाइलमधून उचललेला असतो आणि डोकं खिडकीऐवजी पत्र्यातून बाहेर येतं. सर्वात कमी कष्टात सर्वात जास्त फरक पडतो तो इथे.

थ्रीडी कॅब असलेल्या इंजिनाला प्रवाशासारखेच जादा कॅमेरे लावता येतात. मूळ कॅबचा खंड ओआरटीएसथ्रीडीकॅब या नावाचा असतो, ‘थ्रीडी’ मात्र ३ हा आकडा आणि डी हे अक्षर असं लिहायचं. जाद्यांसाठी वॅगनच्या कंसात ओआरटीएसअल्टरनेटथ्रीडीकॅबव्ह्यूपॉइंट्स, आणि आत एकवचनी खंडात कॅबच्या मॉडेलचं नाव, ओआरटीएसथ्रीडीकॅबहेडपॉस, रोटेशनलिमिट आणि स्टार्टडिरेक्शन. खेळताना कंट्रोल आणि शिफ्ट धरून १ दाबलं की एका जागेवरून दुसऱ्या जागेवर. सहचालकाची खुर्ची ही पहिली निवड. दुसरी, जरा कमी सुचणारी: चालकाच्या मागे उभं राहून त्याच्या खांद्यावरून. वेगमापक आणि समोरचा सिग्नल एका नजरेत येतात, शिकताना याचा फार उपयोग होतो.

सपाट चित्राच्या कॅबमध्ये फारसं काही करता येत नाही. कॅबव्ह्यू फोल्डरातल्या डॉट सीव्हीएफ फाइलमध्ये पुढचं, डावं आणि उजवं अशा दृश्यांसाठी पोझिशन आणि डिरेक्शनच्या जोड्या असतात. त्या बदलल्या की फक्त काचेपलीकडचं जग हलतं, कॅबचं चित्र जागचं हलत नाही. म्हणून इथे काम एकच: क्षितिज काचेत फार वर किंवा खाली आलं असेल तर डिरेक्शनचा पहिला आकडा एक-दोन अंशांनी सुधारायचा. पोझिशनची उंची चुकीची असेल तर रूळ फार जवळ किंवा लांब वाटतात, तीही सुधारा. या फाइलची प्रत आधी वेगळी ठेवा.

बिघडलं तर

डेस्कटॉपवर ओपनरेल्सलॉग नावाची मजकुराची फाइल तयार होते. त्यात तुमच्या डब्याचं नाव शोधा. कंस राहिला, आकडा वाचता आला नाही, तर फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक तिथे असतो. दिलेल्या ओळीवर काही सापडलं नाही तर वरच्या ओळी बघा. न मिटलेला कंस वर कुठेतरी असतो, तक्रार खाली उमटते.

लॉगमध्ये काहीच तक्रार नाही आणि कॅमेराही नाही, असं झालं तर बहुतेक वेळा तुमची फाइल वाचलीच गेलेली नसते. उपफोल्डराचं नाव, फाइलचं नाव, शेवटी चिकटलेलं डॉट टीएक्सटी, याच क्रमाने तपासा. खात्री करायला सोपी खूण: मुद्दाम एक कंस मोडा आणि खेळ सुरू करा. लॉग ओरडला तर फाइल वाचली जातेय, चूक आत आहे. गप्प राहिला तर फाइलचा पत्ता चुकलाय.

५ दाबून काहीच होत नसेल तर गाडीत इनसाइड असलेला एकही डबा नाही. पडदा काळा किंवा एकाच रंगाचा दिसला तर डोकं भिंतीत किंवा सीटच्या पाठीत आहे, आडवा आकडा शून्याकडे आणा. आणि सगळं बरोबर असून डबा हवेत दिसत असेल, तर उंचीत दशांश चिन्ह राहिलेलं असतं: २.४५ ऐवजी २४५ मीटरवरून तुम्ही गाडी बघताय.

किती कॅमेरे लावावेत? सुरुवातीला मी एका डब्यात चौदा लावले होते. शिफ्ट-५ दाबता दाबता हवी ती जागा निघून जायची आणि पुन्हा पूर्ण फेरी मारावी लागायची. आता प्रवासी डब्यात चार ठेवतो, याच क्रमाने: उजवी खिडकी, डावी खिडकी, दाराशी उभा, आणि शेवटच्या डब्यात मागची काच. मालडब्यात दोन: बोगी, आणि डब्याच्या माथ्यापासून अर्धा मीटर वर, मागच्या टोकावरून पुढे बघणारा. हा दुसरा लांब मालगाडीच्या मधल्या कुठल्यातरी डब्याला लावा आणि गाडी लागोपाठच्या वळणांवर न्या. पुढचे डबे एकीकडे वळलेले, मागचे अजून दुसरीकडे, आणि इंजिन दिसतही नाही इतकं पुढे.